बाहेर बोलू नका हं!

आमच्या महिला मंडळाचा एक नेम आहे. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी आम्ही पाच-सहा जणी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जातो. भजनं म्हणतो, कुणाची नखं कापतो, कुणाच्या केसांना तेल लावतो, कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. तिथल्या आजी-आजोबांना आपल्याकडून फार काही नको असतं. कुणीतरी दहा मिनिटं हात हातात धरून बसलं, की त्यांचा दिवस बरा जातो.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. खिडकीजवळच्या खाटेवर ज्या आजी असतात, त्यांची नखं कापायला मी हात धरला, तर त्यांनी तो झटकन मागे घेतला. म्हणाल्या, “नको गं बाळ, माझ्या हाताला नको लावूस.” मी हसून हात पुन्हा धरला. बोटांच्या बेचक्यांत बारीक लाल पुटकुळ्या होत्या, मनगटावर ओरखडे होते. मला वाटलं, घामोळं असेल. पावसाळी दमट हवा, त्यातून म्हातारी कातडी! खोबरेल तेलात कापूर घालून लावा म्हणून सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

निघताना स्वयंपाकघरात चहाचे कप ठेवायला गेले, तर तिथं काम करणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, “ताई, एकट्या त्यांनाच नाही. बऱ्याच जणी रात्रभर खाजवत बसतात. झोप नाही कुणाला. मलापण सुटलीय.” मी विचारलं, “मग वरती सांगितलं नाहीत का?” त्या कसनुशा हसल्या. “सांगितलं ना! तर मलाच म्हणाले, तूच घरून आणली असशील. जाऊ द्या. तुम्ही बाहेर बोलू नका हं!”

आणि मी खरंच बोलले नाही. आज हे लिहिताना त्याचीच लाज वाटते आहे.

का बोलले नाही? कारणं सगळी आपल्या ओळखीची आहेत. संस्थेचे विश्वस्त आमच्या ओळखीतले. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम, त्याला देणगीदार येणार. उगाच कशाला कुणाच्या पोटावर पाय? शिवाय मी काही डॉक्टर नाही. आणि मावशींची नोकरी गेली तर? अशी एकेक कारणं मी मनात रचत गेले, आणि गौरी-गणपतीच्या गडबडीत ते सगळं मागे पडलं.

पितृपक्ष सुरू झाला तेव्हा मलाच खाज सुटली. दिवसा काही नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, छातीखाली नुसती आग! आधी कपडे धुण्याची पावडर बदलली. मग औषधाच्या दुकानातून, आपण सगळ्याच आणतो तशी, एक ट्यूब आणली. चार दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट जोरानं उसळलं. तोवर माझ्याजवळ झोपणारी दहावीतली लेकही खाजवायला लागली होती. तेव्हा कुठे आम्ही मायलेकी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर मॅडमनी भिंगातून हात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही कुणाची सेवा करता का? बराच वेळ कुणाचा हात हातात असतो का?” मला त्या खिडकीजवळच्या आजी दिसल्या.

ती साधी खरूज होती. आपल्याकडे खरूज म्हटलं की लोक नाक मुरडतात. वाटतं, अंघोळ न करणाऱ्यांना, घाणीत राहणाऱ्यांना होते ती. हा समज साफ चुकीचा आहे. रोज दोन वेळा अंघोळ करणाऱ्यालाही ती होते. खरजेचा किडा इतका बारीक असतो, की नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल. मादी आपल्या कातडीत बोगदा करते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. आपल्याला जी खाज येते, ती या किड्याचं आणि त्याच्या घाणीचं शरीराला वावडं असतं म्हणून. हे वावडं तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्या महिना-दीड महिन्यात आपल्याला पत्ताच नसतो, पण आपल्याकडून दुसऱ्याला खरूज जाऊ शकते.

मॅडम म्हणाल्या, “नमस्कार-चमत्कार करताना हात लागला म्हणून सहसा होत नाही. पण अंथरूण एक असेल, किंवा बराच वेळ कातडीला कातडी लागत असेल, तर नक्की होते. वृद्धाश्रमात अंघोळ घालणं, उचलून बसवणं, तेल लावणं हे रोजचंच. तिथं ती झपाट्यानं पसरते.” दुकानातून आणलेल्या ट्यूबविषयीही त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. त्यात स्टिरॉइड होतं. त्यानं खाज तेवढी दबते, किडा मात्र आत सुखात वाढतो, आणि पुरळाचं रूप बदलल्यामुळे डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.

मग त्या म्हणाल्या, “तुम्हा दोघींना मी औषध देते. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा. पण आश्रमात सगळ्यांवर उपचार झाले नाहीत, तर पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा इथंच याल. तिथं सांगितलं आहे का कुणी?”

मी गप्प.

दुसऱ्या दिवशी वार नसताना आश्रमात गेले. खिडकीजवळची खाट रिकामी! पोटात धस्स झालं. विचारलं, तर कळलं की त्या आजींना व्हरांड्यात हलवलंय. त्यांचं ताट-वाटी वेगळी केलेली, अंघोळ सगळ्यांच्या शेवटी, आणि जेवायला पंगतीत यायचं नाही, असा हुकूम. सगळ्या आश्रमात त्यांनीच खाज आणली, असं परस्पर ठरून गेलं होतं. मला बघून त्या म्हणाल्या, “बाळ, मी घाणेरडी नाही गं. आयुष्यभर पहाटे उठून न्हाऊन देवपूजा केली.” काय उत्तर देणार होते मी?

व्यवस्थापकांकडे गेले. माझे हात दाखवले, चिठ्ठी दाखवली. ते वाईट गृहस्थ नाहीत, पण घाबरलेले होते. “ताई, बाहेर कळलं तर नातेवाईक माणसं घेऊन जातील. देणग्या बंद होतील. आम्ही आमच्या आमच्यात बघतो ना!” मी म्हटलं, “महिनाभर आमच्या आमच्यातच बघितलं, आणि ती माझ्या घरापर्यंत आली. मीही गप्प बसले, म्हणून तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. पण आता प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगू या. तुम्ही येता की मी जाऊ?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग चप्पल पायात सरकवून माझ्याबरोबर आले.

वैद्यकीय अधिकारी तरुण होते. ते रागावले नाहीत की आश्रमाला टाळं लावू म्हणाले नाहीत. दुसऱ्याच दिवशी आले आणि एकूण एक माणसाला तपासलं. आजी-आजोबा तिसेक, काम करणारी माणसं आठ. तेव्हा खरा प्रकार उघडकीला आला. आतल्या खोलीत एक अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या. त्यांच्या हातापायांवर जाड, राखाडी खपल्या. सगळे म्हणायचे, कोरडी कातडी आहे, इसब आहे. त्या कधी खाजवायच्याही नाहीत, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण ती होती खपल्यांची खरूज. साध्या खरजेत माणसाच्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा किडे असतात. या प्रकारात ते हजारोंनी, कधी लाखोंनी असतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, ज्यांना खाजवण्याचंही त्राण नाही, अशांना ती होते. रोज त्यांना तेल लावणाऱ्या मावशींच्या हातांनी ती खोलीखोलीत गेली होती. बिचाऱ्या मावशी! मायेनं केलेल्या कामातूनच ते झालं. आणि शिक्षा भोगत होत्या खिडकीजवळच्या आजी.

मैत्रिणींनो, म्हणून मला वाटतं, कळवण्याचा पहिला फायदा हा, की दोष कुणाचा हे गावगप्पांतून न ठरता रोग कुठे आहे हे तपासणीतून ठरतं.

पुढचे आठ दिवस म्हणजे लग्नघर होतं. ठरलेल्या रात्री सगळ्यांनी एकदम पर्मेथ्रिनचं मलम लावायचं. साधारण मानेपासून तळपायापर्यंत लावतात, म्हाताऱ्या माणसांना मात्र डोळे-तोंड वाचवून चेहऱ्याला आणि डोक्यालाही लावायला सांगितलं. नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत विसरायचं नाही. आठ ते चौदा तास ठेवायचं आणि सकाळी अंघोळ. हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं. आठ दिवसांनी हेच सगळं परत. खपल्या झालेल्या आजींना वेगळी खोली दिली, मलमाबरोबर पोटातून गोळ्याही दिल्या. त्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागले.

चादरी, अभ्रे, लुगडी, पंचे कढत पाण्यात भिजवून धुतले आणि कडक उन्हात वाळवले. गोधड्या, स्वेटर असं जे धुता येत नव्हतं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं. माणसाच्या अंगापासून सुटला की हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

अडचण आली ती वेगळ्याच जागी. मावशींच्या घरी पाच माणसं. त्यांना औषध कोण देणार? व्यवस्थापक म्हणाले, आमची जबाबदारी आश्रमापुरती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मग आठ दिवसांनी मला परत बोलवा.” झालं! विश्वस्तांनी सगळ्या कामगारांच्या घरच्यांचा खर्च उचलला. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, ती फार उपयोगी पडली. औषधानं किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. हे माहीत नसतं, तर “बघा, काही उपयोग झाला नाही” म्हणून पुन्हा आजींकडेच बोट गेलं असतं.

आणि देणगीदार? व्यवस्थापकांनी १ ऑक्टोबरचा कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलला आणि प्रत्येकाला फोन करून कारण सांगितलं. दोन नातेवाईक तणतणत आले खरे. पण माणूस घरी कुणीच नेला नाही. एकांनी तर बारा नव्या चादरी पाठवल्या.

आपल्याकडे आजार लपवण्याची सवय आजची नाही, आणि तिच्यामागे कारणही आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं साथरोगांचा कायदा केला. रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत, माणसं उचलून छावण्यांत नेत, सामान जाळत. मग लोक काय करणार? ते आजारी माणूस लपवू लागले. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मला यातून एवढंच कळतं, की आजार कळला म्हणून धाक आणि शिक्षाच मिळणार असेल, तर माणसं आजार पुरून ठेवतात. मायेनं विचारणारं कुणी असेल तर आपण होऊन सांगतात.

आता कायद्याचंही थोडं. क्षयरोग म्हणजे टीबी झालेल्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणं २०१२ सालापासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि २०१८ सालापासून टीबीची औषधं देणाऱ्या दुकानदारांनाही. हे रुग्णाला पकडण्यासाठी नाही. नोंद झाली की तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, पोषणासाठी खात्यात पैसे जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १००० रुपये आहे. औषधं नियमित सुरू झाली की काही आठवड्यांत त्या माणसापासून इतरांना असलेला धोका खूपच कमी होतो. जुलाब, ताप, कावीळ यांची लागण एकदम वाढली तर ते टिपण्यासाठी २००४ सालापासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. गावातून आरोग्य केंद्राकडे आणि तिथून जिल्ह्याला माहिती जाते. पण वृद्धाश्रमाच्या बंद दाराआड काय चाललंय, हे आतल्या माणसानं सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? खरजेची नोंद टीबीसारखी सक्तीची नाही, म्हणून तर ती कुणाचीच जबाबदारी होत नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. तिला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “आमच्याकडे एकमेकांशी संबंध आलेल्या दोघांना खरूज झाली की ती साथ धरतात आणि आरोग्य खात्याला कळवतात. तिसऱ्याची वाट बघत नाहीत.” मला हा दोनाचा हिशेब फार आवडला. आम्ही तो आमच्या आश्रमात लावला. एका खोलीत, एका आठवड्यात दोघांची तक्रार सारखी आली की कळवायचं. मग ती खाज असो, जुलाब-उलट्या असोत, ताप-खोकला असो की डोळे येणं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर मात्र एकासाठीही थांबायचं नाही.

म्हाताऱ्या माणसांचं आणखी एक लक्षात ठेवायला हवं. संसर्ग झाला तरी त्यांना ताप येईलच असं नाही. काल चांगलं बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलायला लागले, जेवण एकदम सुटलं, दिवसभर झोपून राहायला लागले, अचानक पडले, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

कळवायचं म्हणजे गावभर करायचं नाही, हेही तितकंच खरं. नाव सांगायचं ते डॉक्टरांना आणि आरोग्य खात्याला. बाकीच्यांना एवढंच पुरतं, की आश्रमात अमुक आजार आहे आणि अमुक काळजी घ्या. फळ्यावर नाव लिहिणं, ताट वेगळं करणं, व्हरांड्यात खाट टाकणं याला कळवणं म्हणत नाहीत. वेगळी खोली लागलीच, तर ती का आणि किती दिवस, हे त्या माणसाला समजावून सांगायला हवं.

तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील, सासू-सासरे अशा ठिकाणी असतील, किंवा ठेवायची वेळ आली असेल, तर जेवणखाण, पंखा, फी विचारता तसे आणखी तीन प्रश्न विचारा. डॉक्टर किती दिवसांनी येतात? एखादा आजार पसरला तर तुम्ही आम्हाला आणि आरोग्य केंद्राला कळवता का? आणि काम करणाऱ्या बाया आजारी पडल्या, तर त्यांना पगारी सुट्टी मिळते का? शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा चमकेल. पण रजा घेतली तर पगार कापला जाणार असेल, तर ती बाई खोकत खोकत, खाजवत खाजवत कामावर येणारच. तिला ठेवायला दुसरं कुणी नसतं, आणि तिच्या हातात तर आपलं माणूस असतं.

तुम्ही स्वतः भेटायला जात असाल, तर सर्दी-खोकला असताना जाऊ नका. आश्रमात काही खटकलं, तर आधी व्यवस्थापकांशी बोला. तिथं दाद मिळाली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात जा. आशाताई, आरोग्यसेविका यांच्याजवळ बोललं तरी निरोप पुढे जातो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फोनची मदतसेवाही आहे. याला चुगली म्हणत नाहीत. चुगलीत माणसाचं वाईट व्हावं अशी इच्छा असते.

आमच्या आश्रमात आता स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही टांगली आहे. कुणाला काय होतंय, ते मावशी त्यात लिहितात. सातवी शिकलेल्या आहेत, अक्षर मोठं मोठं येतं. खिडकीजवळच्या आजी पुन्हा आपल्या जागी आल्या. पंगतीत मात्र त्या पुष्कळ दिवस आल्या नाहीत. आता येतात, पण अजूनही नखं कापायला हात पुढे करण्याआधी त्या स्वतःच तो उलटसुलट करून बघतात. ते बघितलं, की मी गप्प बसले ते दिवस आठवतात.

यंदाच्या पावसाळ्यात मावशींचा एकदा सकाळीच फोन आला. “ताई, दोन आजींना रात्रीपासून जुलाब होतायत.” मी म्हटलं, “अहो मग डॉक्टरांना...” तर मला मध्येच तोडत म्हणाल्या, “त्यांना कळवलं हो सगळ्यात आधी! पाण्याची टाकी बघायला माणूस येतोय. तुम्हाला नुसतं सांगितलं.”